काचेबाहेरची सावली

आमच्या नागपूरच्या घराला पश्चिमेकडे एक मोठी खिडकी आहे. घर घेताना आम्ही भुललो ते याच खिडकीला. बाहेर जुना कडुनिंब होता आणि आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. त्याच्या फांद्यांआडून दिसणारा सूर्यास्त ही आम्हांला घराची जमेची बाजू वाटली. ती खोली आम्ही आईंना दिली. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई.) गुडघ्यांनी जिना वर्ज्य केल्यापासून आईंचे जग त्या खिडकीएवढेच आहे: शाळेची बस, भाजीवाली, समोरच्या गॅलरीत वाळणारे कुणाचे तरी पापड.

२०१७ साली रस्ता रुंद झाला आणि कडुनिंब गेला. त्या पावसाळ्यात काही जाणवले नाही. पुढच्या वैशाखात मात्र कळले, की ज्याला आम्ही देखावा समजत होतो ती घराची पश्चिमेची भिंतच होती. दुपारी तीननंतर खोलीत उभे राहवेना. गजांना हात लावला तर चटका बसे. नवतपाच्या दिवसांत एकदा आई खुर्चीतून उठता उठता कोसळल्या. म्हातारपणी तहान कमी लागते, घामही कमी येतो, त्यामुळे ऊन बाधले तरी लवकर कळत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि दुपारी त्यांना या खोलीत ठेवू नका असे बजावले. आईंनी साफ नकार दिला. "आतल्या खोलीत बसून काय भिंतींशी बोलू?"

मग सुशिक्षित माणसे करतात तेच आम्ही केले, बाजारात गेलो. जाड, दुहेरी अस्तराचे पडदे आणले. खोलीत भरदुपारी रात्र झाली, पण उकाडा तेवढाच राहिला. पडद्यामागे हात घातला तर भट्टीत घातल्यासारखे वाटे. काचेला काळी फिल्म लावली. ऊन जरा निवले, पण बाहेरचे सारे मळभ आल्यासारखे दिसू लागले. आई काही बोलल्या नाहीत. फक्त भाजीवालीला आता आवाजावरून ओळखू लागल्या. आम्ही त्यांना उन्हापासून वाचवत होतो की उजेडापासून, असा प्रश्न आमचा आम्हांलाच पडू लागला.

कोडे सोडवले ते आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी, स्टाफरूममध्ये चहा पिता पिता. काचेतून ऊन सहज आत येते; आतल्या वस्तू त्याने तापतात आणि उष्णता बाहेर टाकू लागतात; पण ही उष्णता ज्या लांब लहरींची असते त्यांना काच वाट देत नाही. पडदा काचेच्या आत असतो, म्हणजे तो ऊन अडवतो ते घरात शिरल्यावर. मग तो स्वतःच तापून खोलीला शेक देतो. त्यांनी हिशेबही मांडला. मेमधल्या निरभ्र दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० ते ६०० वॅट ऊर्जा पडते. आमची खिडकी चार फूट बाय पाच फूट. साधी काच त्यातले चार-पंचमांशाहून अधिक आत सोडते. थोडक्यात, आईंच्या खुर्चीशेजारी रोज दुपारी ८०० ते ९०० वॅटचा हीटर चालू होता.

"आणि छज्जा?" आम्ही विचारले. छज्जा हा माथ्यावरच्या सूर्यासाठी, ते म्हणाले. नागपूर २१ अंश अक्षांशावर. मेअखेरीस इथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीला हातभर छज्जा पुरतो. पश्चिमेचा सूर्य तिरपा, तो छज्ज्याखालून वाकून आत येतो. त्याला उभा आडोसा हवा, आणि तो काचेच्या बाहेर हवा. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीप्रमाणे, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून नुसते उतरते छत लावले तरी उन्हाळ्यात आत येणारी सौर उष्णता ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

हे ऐकून आई हसल्या. "एवढं शिकलात बाप्पा तुम्ही दोघं! आमच्याकडे चैत्र लागला की बाहेरून वाळ्याच्या ताट्या लागायच्या. आतून कोण लावते?"

'ताटी' हा शब्द ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आम्ही वीस वर्षे शिकवत आलो आहोत. एकदा वर्गात एका मुलीने विचारले होते, की ताटी म्हणजे नेमके काय? 'दार' असे सांगून आम्ही लगेच रूपकाकडे वळलो होतो. बांबूच्या कामट्या विणून केलेले, फटींतून वारा आणि उजेड येऊ देणारे दार, एवढे सांगायलासुद्धा आम्ही थांबलो नव्हतो. वस्तू विसरली की रूपक तेवढे शिल्लक राहते, आणि तेही मग पोकळ वाजते.

वाळ्याच्या ताटीला दिवसभर पाणी घालावे लागते. ते आम्हांला जमणारे नव्हते. म्हणून बांबूची चिक आणली आणि छज्ज्याखाली, काचेपासून वीतभर अंतर राखून, बाहेरून टांगली. मधली तापलेली हवा वरून निघून जाते. आठवड्याच्या आत सोसायटीचे पत्र आले: इमारतीच्या दर्शनी भागास बाधा येते, सबब चिक काढावी. आम्ही दोन पानी उत्तर लिहिले. त्याचा परिणाम शून्य. अखेर आईंनी निरोप धाडला, की समितीने दुपारी चार वाजता चहाला यावे. दोघे आले. आईंनी चिक गुंडाळायला लावली आणि त्यांना आपल्या खुर्चीशेजारी बसवले. चहा निवण्याआधीच परवानगी मिळाली, मृग लागेपर्यंतची. तेव्हापासून ती दर उन्हाळ्यात मिळते.

चिकेने सारे काही साधले असे नाही. पारा ४५ च्या वर गेला की कूलर लावावाच लागतो. तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. २०१८ साली ऊर्जा दक्षता ब्युरोने नव्या निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे. आमच्यासारख्या आधी उभ्या राहिलेल्या घरांना मात्र बांबूचाच आधार.

पण आई आता दुपारी खुर्चीत असतात. चिकेतून आतल्या माणसाला बाहेरचे दिसते, बाहेरच्याला आतले दिसत नाही. ही सोय त्यांना फार आवडते. सूर्य बुडाला की आम्ही चिक गुंडाळतो, तावदाने उघडतो. रस्त्याकडेला, जुन्या कडुनिंबाच्या जागेपासून चार पावलांवर, आम्ही एक रोप लावले आहे. ते अजून या खिडकीपर्यंत पोचलेले नाही. किती वर्षे लागतील, हे आई विचारत नाहीत. पाणी घातले का, एवढेच रोज विचारतात.