कॅप्सूलमधलं तेल



लातूरच्या माझ्या जाऊबाईंना मुलाने अमेरिकेहून ओमेगा-३च्या कॅप्सूल पाठवल्या. रक्तवाहिन्या चांगल्या राहतात म्हणे. त्या नांदेडला आल्या तेव्हा मी चष्मा लावून डबी वाचली (बी.कॉम.ची खोड, बारीक अक्षर सोडवत नाही). आत माशाचं तेल, वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. जाऊबाईंचा चेहराच उतरला. आयुष्यभर पाळलेलं सोडायचं, की जिवाशी खेळायचं?

खरं तर असा पेच नाहीच. २०१८ साली अमेरिकेतल्या 'व्हायटल' अभ्यासाचे निष्कर्ष आले. हृदयविकार नसलेली २५,८७१ माणसं त्यात होती. रोज एक ग्रॅम माशाचं तेल घेऊनही हृदयविकार, पक्षाघात यांचं एकूण प्रमाण फारसं घटलं नाही.

आपलं जवस आहेच. त्यातलं ओमेगा-३ जरा वेगळं, पण जवस इथलंच. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राने 'लातूर जवस ९३' हा वाणही काढलाय. मंद भाजून, कुटून, बिनलसणाची चटणी करा. अख्खं बी पचत नाही. आठवड्यापुरतीच करा, नाहीतर खवट होते.

मला खरी काळजी बी-१२ची वाटते. धान्य-भाजीत ते नसतं आणि आपल्यातल्या कितीतरी जणी रसत्यागात दूध-दहीही सोडतात. हातापायांना मुंग्या येतात, त्या वयावर ढकलू नका, रक्त तपासा. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीवांपासून बनतं; गोळीवरचा हिरवा ठिपका तेवढा बघून घ्या.

आणि कोलेस्टेरॉलची गोळी चटणीच्या भरवशावर बंद करू नका. जाऊबाई ती डॉक्टरांना विचारून सूर्यास्ताआधी घेतात.