डिफरन्स

बँकेतल्या माणसाला घरी गेल्यावर एखादा बिनपगारी उद्योग लागतोच. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून झाल्यावर संध्याकाळी स्वतःचे मोजावेत म्हटलं, तर ते काम दोन मिनिटांत आटोपतं. मग उरलेल्या वेळाचं करायचं काय? आमच्या शाखेतले एक गृहस्थ होमिओपॅथीच्या गोळ्या फुकट वाटतात. दुसरे लोकांच्या मुलींची लग्नं जमवतात. मी रेल्वे बांधतो.

हे वाक्य मी पहिल्यांदा चारचौघांत उच्चारलं तेव्हा माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली होती. १९८२ साली चंद्रपूरचे दोन जिल्हे झाले. जंगल दोघांनाही मिळालं, रेल्वे मात्र बहुतेक सगळी चंद्रपूरकडे राहिली. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला वडसा हे एकुलतं एक स्टेशन आलं आणि पुढं कितीतरी वर्षं ते एकुलतंच राहिलं. अशा मुलखात "मी रेल्वे बांधतो" म्हणणं म्हणजे टँकरवर जगणाऱ्या गावात "आमच्या नळाला फार जोर" म्हणण्यासारखं. शिपायानं बातमी बाहेर पोचवली. दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक म्हातारबा आले, पासबुक आत सरकवलं आणि हळूच म्हणाले, "साहेब, गडचिरोलीले गाडी कधी आनता?"

मी म्हटलं, "आजोबा, माझी गाडी नऊ मिलिमीटरच्या रुळावर चालते."

"चालते ना?" ते म्हणाले, "मंग झालं. सुरू तं करा."

तर ही माझी रेल्वे चंद्रपूरला, आमच्या तुकूममधल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आहे. चंद्रपुरात ऋतू दोनच. कूलर घरात असतो तो एक आणि कूलर शेडमध्ये असतो तो दुसरा. थंडीत शेडमध्ये बसायला फार छान वाटतं, पण तेव्हा तिथं दोन कूलर, त्यांचे स्टँड आणि गवताच्या जाळ्या असा सगळा परिवार मुक्कामाला असतो. एप्रिलमध्ये परिवार घरात गेला की शेड मोकळं होतं. त्या वेळी बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि टिनाखाली किती असतात ते मी मोजत नाही. हिशोबी माणसानं सगळंच मोजू नये.

या नादाची सुरुवात पुण्यात झाली. कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभं केलेलं चिमुकल्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुलं झालं. मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला गेलो असताना मी जरा पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलो आणि तिथं शिरलो. परत आलो तेव्हा अक्षता पडून पंगत उठली होती. सासरच्या मंडळींनी मला अजून माफ केलेलं नाही. पण मी त्या दिवशी काय पाहिलं ते त्यांना कुठं ठाऊक? छोटे सिग्नल हिरवे होत होते, छोट्या गाड्या छोट्या पुलांवरून जात होत्या, आणि एकाही गाडीला उशीर होत नव्हता!

मनात तेव्हाच ठरलं, आपण बांधायची ती आपली छोटी लाइन. नागपूरच्या इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला येणारी. रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. माझं लहानपण नागभीडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. माझे वडील त्या लाइनवर कीमन होते. आमच्याकडं त्यांना चावीवाला म्हणत. रोज हातोडा खांद्यावर टाकून आपल्या वाटणीचा तुकडा पायी तुडवायचा, सैल झालेली चावी ठोकून बसवायची, नटबोल्ट आवळायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढं २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रॉडगेजसाठी ही छोटी गाडी बंद झाली. शेवटच्या गाडीला निरोप द्यायला चला म्हणून मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "म्हैस इकल्यावर कोनी गोठा पाहाले जाते का?"

ते गेले नाहीत. मीही गेलो नाही. मार्चएंडला अवकाश होता, पण सवय म्हणून रजा मिळाली नाही.

मग मी शेडमध्ये काम सुरू केलं. सगळी लाइन एका टेबलावर मावणार नव्हती, म्हणून तुकडे करायचे ठरवलं. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी १९७० च्या दशकात ही युक्ती चांगलीच रुळवली. प्रत्येकानं आपापल्या घरी चार फुटांची फळी सजवायची, जत्रेच्या दिवशी सगळ्यांनी आपापली फळी आणून एकमेकींना जोडायची आणि लांबच लांब रेल्वे करायची. नियम एकच. फळीच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या जागी आला पाहिजे. मधे तुम्ही डोंगर करा, तळं करा, नाहीतर लग्नाचा मांडव करा. संसाराचाही नियम हाच असावा असं मला वाटतं. पण ते मी घरात बोललेलो नाही.

मी तीन फळ्या केल्या. पहिल्या फळीवर नागभीड, दुसरीवर जंगल आणि तिसरीवर जे उरेल ते. प्रमाण एकास सत्त्याऐंशी. ७६२ ला ८७ नं भागलं तर ८.७६ येतात आणि बाजारात मिळणारा रूळ नऊचा. म्हणजे पाव मिलिमीटरचा डिफरन्स! वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला डिफरन्स म्हणजे काय वाटतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. दहा रुपयांच्या डिफरन्ससाठी आम्ही रात्री साडेनऊपर्यंत बसलेलो आहोत. हा पाव मिलिमीटर मी तीन रात्री डोक्यात घोळवला आणि शेवटी सस्पेन्स खात्यात टाकला.

सामानाचं म्हणाल तर आमच्याकडचं सागवान दिल्लीच्या नव्या संसदेला गेलं, अयोध्येच्या मंदिराला गेलं. मला मात्र टीव्हीच्या खोक्यातल्या पॅकिंगच्या फळ्या मिळाल्या. झाडांसाठी तुराट्या, पानांसाठी आरामशीनवरचा भुसा हिरवा रंगवून. रुळाखालच्या गिट्टीसाठी दगडाची चुरी चाळायची होती, म्हणून घरातली सोजीची चाळणी घेतली. त्या प्रकरणावर सौ. जे बोलली ते इथं देत नाही. एवढंच सांगतो की नवी चाळणी मी आणली आणि शिरा मात्र महिनाभर झाला नाही. एका बाबतीत चंद्रपूरनं मला हात दिला. परदेशातले लोक नव्या इमारती जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर मुद्दाम धुळीचा रंग मारतात. आमच्याकडं शेडचं दार रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी कोळशाची पूड आपोआप बसलेली असते, तीही फुकट.

दुसऱ्या फळीवर कन्येनं वाघ मागितला. तिला तो रुळावर उभा हवा होता. मी तो रुळापासून दूर, झाडीत ठेवला. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे गेले होते. माझ्या लाइनीवर तरी तसं व्हायला नको. वाघ तीन सेंटिमीटरचा. त्याला खरं भय गाडीचं नाही, पालीचं आहे. शेडमधली पाल त्या प्रमाणात दहा मीटरची पडते.

या सगळ्या उद्योगात बाबा कुठंच नव्हते. दोन वर्षांपूर्वी नागभीड सोडून ते आमच्याकडं आले, पण दिवसभर समोरच्या छपरीत खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचे. शेडकडं फिरकत नसत. मी एकदा आग्रह केला तेव्हा म्हणाले, "बाबू, त्या लाइनीनं माहे पाय झिजवले. तू पंख्याखाली बसावा म्हनून तुले शिकवलं. अन् तू तिचंच खेळनं करून राहिला?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. बी. कॉम.ला तो विषय नव्हता.

मे महिन्यात घात झाला. मी मोठ्या हौसेनं रुळाचे तुकडे एकमेकांना घट्ट भिडवून सोल्डर केले होते. कुठं नखही शिरणार नाही अशी सफाई! दुपारी दोनला जाऊन बघतो तर दुसऱ्या फळीवरचा रूळ मधेच उचलला जाऊन सापासारखा वळलेला. मी फळीचं लाकूड, सोल्डर आणि स्वतःचं नशीब या क्रमानं शिव्या घातल्या. आवाज समोरपर्यंत गेला असावा. पाठीमागं चप्पल वाजली. डोक्याला पंचा गुंडाळून बाबा दारात उभे होते.

ते काही बोलले नाहीत. हळूहळू गुडघे वाकवून त्यांनी फळीच्या टोकाला गाल टेकला, एक डोळा मिटला आणि दुसऱ्यानं रुळाच्या रेषेत पाहिलं. अर्धा मिनिट तसेच राहिले.

"इथं पोट सुटलं," बोट ठेवून म्हणाले. "अन् इथं. अन् हे थोडं." मग माझ्याकडं वळून, "सांधा कुठं हाय?"

मी अभिमानानं सांगितलं, "सांधा ठेवलाच नाही."

बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी सही न जुळवता चेक पास करणाऱ्या नव्या पोराकडं पाहतो. "लोखंडाले उन्हाळ्यात जागा नाही लागत का गा? हर सांध्यात फट ठेवा लागते. फट नाही ठेवली तं रूळ सरळ राहात नाही, बाजूले पळते."

मग ते कूलरच्या रिकाम्या स्टँडवर बसले आणि बोलत राहिले. मे महिन्यात दुपारी सगळा गाव झोपायचा तेव्हा ते गस्तीला असत. आवाजावरून त्यांना सैल चावी कळायची. सांध्याची फट बुजली की पोटात गोळा यायचा, कारण मागून गाडी येत असे आणि गाडीत माणसं असत. एकदा अस्वल आडवं आलं तेव्हा त्यांनी हातोडा रुळावर आपटला. अस्वल गेलं, पण पुढचे दोन दिवस त्यांच्या हाताचा कंप गेला नाही. हे आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या आठवणीतले बाबा मे महिन्यात संध्याकाळी येऊन, पाय बादलीत बुडवून गप्प बसणारे. मला वाटायचं ते रागीट आहेत. ते दमलेले असत, एवढा साधा हिशोब लागायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

रात्री मी कागदावर मांडून पाहिलं. तेरा मीटरचा लोखंडी रूळ तीस अंशांनी तापला तर साडेचार मिलिमीटर वाढतो. माझा चार फुटांचा जर्मन सिल्व्हरचा रूळ वाढेल अर्धा-पाऊण मिलिमीटर. एवढी फट मोजायची कशानं? ड्रॉवरमध्ये मुदत संपलेलं एटीएम कार्ड होतं. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर. म्हणजे छोट्या लाइनीच्या रुंदीचा बरोबर हजारावा भाग! इतका सुंदर टॅली मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी करवतीच्या बारीक पात्यानं रूळ ठिकठिकाणी कापले. बाबा प्रत्येक फटीत कार्ड घालून पाहत होते आणि "पास" किंवा "नापास" म्हणत होते. सात नापास झाल्या. करंट पुढं जावा म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर द्यावी लागली. ते काम मात्र त्यांनी मला करू दिलं. म्हणाले, "वायरीचं आपल्याले नाही समजत."

रविवारी तिन्ही फळ्या जोडल्या. सौ. चहा घेऊन आली आणि चाळणीचा विषय न काढता उभी राहिली. मी बटण फिरवलं. इंजिन निघालं, मागं तीन डबे. आजवर माझी गाडी नुसती सरसरत जायची. आज फटीवरून जाताना तिनं आवाज केला, टक-टक, टक-टक. नागभीडच्या क्वार्टरमध्ये अंथरुणात पडल्या पडल्या मी हाच आवाज ऐकत झोपायचो. तो फटींचा आवाज होता हे मला माहीतच नव्हतं. इतके दिवस मी गाडी बांधत होतो आणि नेमकी तीच जागा सफाईनं बुजवत होतो.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. गाडी नागभीडला थांबली. मी विचारलं, "कसं काय वाटलं, बाबा?"

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"गाडी टायमावर आली," ते म्हणाले. "हे आपलं नागभीड नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाची गाडी मी सात वाजून दहा मिनिटांनी सोडतो. हा डिफरन्स मी सस्पेन्सला टाकलेला नाही. तेवढा वेळ बाबा आणि मी शेडमध्ये गाडीची वाट पाहत बसतो.