जाहिरातीचा पैसा कुणाच्या हातून येतो?



संकेतस्थळावरच्या जाहिरातींचे पैसे थेट माझ्या बँक खात्यात जमा झाले, हे कळल्यापासून मला दोन प्रकारचे फोन येत आहेत. तरुण कार्यकर्ते विचारतात, "ताई, हे कसं करायचं?" ज्येष्ठ विचारतात, "ताई, हे कशाला केलं?" दोघांनाही एकदाच उत्तर देते.

आधी ज्येष्ठांचा आक्षेप घेऊ. भांडवलदारांच्या जाहिराती शेजारी लावून आंबेडकरी विचार कसा मांडणार? प्रश्न रास्त आहे. पण आपल्याच पत्रांचा इतिहास काय सांगतो? ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली, तरी पत्र फार काळ टिकलं नाही. १९२७ मध्ये सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी एकट्याने लिहिले. तेही १९२९ मध्ये बंद पडलं. ही पत्रं विचारांचा तुटवडा होता म्हणून बंद पडली, असं कुणी म्हणेल का? तुटवडा पैशाचा होता. ज्या समाजाच्या हातात बाजारपेठ नाही, त्याच्या पत्राला जाहिरात मिळत नाही, इतकं ते सरळ आहे.

आणि आपण जाहिराती घेतच नाही, असंही नाही. समाजशास्त्रात एम. ए. करत असताना मी एका साप्ताहिकात काम करायचे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या विशेषांकांवर त्यांचा वर्षाचा खर्च निघायचा. पानभर जाहिरात, वर कोपऱ्यात बाबासाहेब, खाली त्यांच्या चौपट आकाराचा नगरसेवक आणि 'शुभेच्छुक' म्हणून चाळीस नावं! पुढे त्याच नगरसेवकाच्या वॉर्डात समाजमंदिराचा स्लॅब पहिल्याच पावसात गळायला लागला. बातमी मी लिहून दिली, ती छापली गेली नाही. संपादकांवर माझा राग नाही. छापखान्याची उधारी त्यांच्याच नावावर होती. पण 'आपल्या' माणसाची जाहिरात तेवढी निर्मळ आणि कंपनीची जाहिरात तेवढी विटाळलेली, हे गणित मला तेव्हापासून पटत नाही. शुभेच्छुक तुमचं घर ओळखतो, फोन करतो. साबण विकणाऱ्याला मी काय लिहिते हे माहीतही नसतं.

आता तरुणांसाठी. अ‍ॅडसेन्समध्ये हिंदीला २०१४ च्या डिसेंबरात आणि मराठीला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी निव्वळ मराठी मजकुराला हा रस्ता जवळपास बंदच होता. खात्यात १० डॉलर जमले की तुमच्या पत्त्यावर टपालाने एक पिन येतो. तो भरला की पत्ता पक्का होतो. १०० डॉलर पूर्ण झाले की पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे निघतात. मला त्या १०० डॉलरला चौदा महिने लागले. घरबसल्या लाखो कमवा, असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

टपालाचा पिन ही साधी गोष्ट वाटते ना? आपल्या वस्तीत राहून बघा. आमच्या वस्तीचं मतदार यादीत एक नाव, आधारवर दुसरं आणि पोस्टमनच्या तोंडी तिसरं. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. नाव बदललं तरी कागदोपत्री जुनं मागे राहतंच. तसंच आडनावाचं. आपल्यातल्या अनेकांनी राजपत्रात देऊन आडनावं बदलली, पण पॅनवर एक आणि पासबुकावर दुसरं असं असेल तर पैसे अडकतात. सगळीकडे नाव एकच करून घ्या, मगच अर्ज करा. बँकेकडून आयएफएससीबरोबर स्विफ्ट कोडही घ्या. छोट्या शाखांना तो नसतो, तेव्हा मोठ्या शाखेचा चालतो. आमच्या शाखेतल्या साहेबांनी मला "परदेशात कोण आहे तुमचं?" असं तीनदा विचारलं. जाहिरातीचं उत्पन्न आहे म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले.

काही जणांना एफसीआरएची भीती वाटते. देणगी वेगळी आणि सेवेचा मोबदला वेगळा. जाहिरातीला जागा दिली, त्याचे हे पैसे आहेत. तरीही ते संस्थेच्या खात्यात घेऊ नका. स्वतःच्या खात्यात घ्या, आयकर विवरणपत्रात दाखवा, सीएला विचारून घ्या. आणखी एक. "ताईंना मदत" म्हणून जाहिरातींवर क्लिक करत बसू नका. असल्या क्लिकमुळे खातंच बंद होतं.

थेट खात्यात येणाऱ्या पैशाचं मला अप्रूप का, हे शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांना सांगायला नको. आमच्या वेळी शिष्यवृत्तीच्या एका सहीसाठी कॉलेजच्या कार्यालयाबाहेर अर्धा अर्धा दिवस उभं राहावं लागायचं, आणि खिडकीतला माणूस यादीतली नावं प्रवर्गासकट मोठ्याने वाचायचा. आता ती रक्कम महाडीबीटीवरून खात्यात येते. उशिरा येते, पण मधली खिडकी गेली. जाहिरातीच्या पैशातही मधला माणूस नाही. कुणाच्या वाड्यावर जायचं नाही, कुणाच्या वाढदिवसाचा फलक लावायचा नाही.

मग यात धोका नाही का? आहे, आणि तो ज्येष्ठ म्हणतात त्याहून वेगळ्या जागी आहे. विमा, कर्ज, सरकारी योजना अशा विषयांच्या पानांवर पैसे जास्त मिळतात. गायरान जमिनीवर लिहिलं तर काही पैसे हाती लागतात. कोणती पानं किती कमावतात, हे रोज पडद्यावर दिसतं आणि नकळत हात तिकडे वळू लागतो. भारतातली पत्रकारिता आधी पेशा होती, आता व्यापार झाली, अशी टीका बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानडे यांच्यावरील भाषणात केली होती. म्हणून मी कमाईचा तक्ता महिन्यातून एकदाच उघडते, तोही हिशेबापुरता. ज्योतिष, धर्म, झटपट श्रीमंती हे जाहिरातींचे प्रकार सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात. ते मी पहिल्या दिवशीच केले. बुद्धविहाराच्या लेखाखाली ग्रहशांती कशाला?

अत्याचाराच्या घटनांवर मी लिहिते, त्या पानांवर जाहिरात अजिबात नाही. यावर आमच्यातच वाद आहे. माझा एक सहकारी म्हणतो, "ताई, लोक तेच जास्त वाचतात. त्याचे पैसे चळवळीला आले तर वाईट काय?" त्याचा मुद्दा मी खोडू शकले नाही. पण ज्या आईने आपल्या पोराचं मरण मला सांगितलं, तिच्या शब्दांखाली साडीचा सेल लागलेला मला बघवणार नाही.

पहिल्या वेळी बँकेचं कापून हातात ८,१०० च्या आसपास रुपये आले. त्यातून संकेतस्थळाचं वर्षाचं भाडं भरलं. उरलेले साक्षीदारांच्या एसटीला ठेवलेत. अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत साक्षीदाराचा प्रवासखर्च शासनाने द्यायचा आहे, पण तो हाती पडेपर्यंत तारखेला जिल्ह्याला जायचं तिकीट कुणीतरी काढावंच लागतं. पावत्या विहारातल्या फळ्यावर लावल्या आहेत, कुणीही येऊन बघाव्यात.