घाण खाणारी टाकी

नगरपालिकेच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात आज नाक दाबूनच शिरलो. वास होता, पण पहिल्या जाळीपाशीच. तिथे प्लास्टिक, केस, चिंध्या अडकतात, निर्माल्यसुद्धा! (गटारात निर्माल्य कोण सोडतं, देव जाणे.) पुढे वाळू खाली बसते आणि मग येते वायुमिश्रणाची टाकी. तपकिरी पाणी, खालून हवेचे बुडबुडे, आत आपली घाण खाणारे अब्जावधी जिवाणू. ही पद्धत १९१४ सालची, मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या जोडीची. युक्ती साधीच: तळाला बसलेला गाळ सगळा फेकायचा नाही, बराचसा विरजणासारखा पुढच्या पाण्यात घालायचा.

मैला थेट नदीच्या पात्रात गेला, तर तिथेही जिवाणू तो खातातच. पण त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मासे मग गुदमरून मरतात. म्हणजे केंद्रात जादू काहीच नाही. नदीत व्हायचं ते इथे टाकीत उरकतं, विकतच्या विजेवर हवा पुरवून. हवा फुंकणारा ब्लोअर फार वेळ बंद राहिला, की टाकीतले जिवाणूही तसेच गुदमरतात. भारनियमनाचा माशांशी असा संबंध असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. केंद्राच्या उद्घाटनाला फीत कापायला माणसं मिळतात. दर महिन्याचं वीजबिल हीच खरी परीक्षा.

साध्या केंद्रातून नायट्रोजन, फॉस्फरस बरेचसे तसेच पुढे जातात, जलपर्णीला तेवढं पुरतं. त्याबद्दल केंद्राच्या ऑपरेटरला छेडलं, तर तो हसला. "साहेब, आधी अख्ख्या गावाची गटारं इथवर येऊ द्या की."