दोन नोकऱ्या, एक घर

यवतमाळ

चि. सोनूस,


नवरा-बायकोचा संसार हा मराठी विनोदाचा जुना विषय आहे. पण दोघेही नोकरीवाले, दोघांनाही वेळ नाही आणि घरात तिसरे कोणी नाही, अशा जोडप्याची हसरी प्रेमकथा मराठीत फार उशिरा आली. अशा गोष्टीला दोघांचे वेगळे बिऱ्हाड लागते आणि दोन पगार लागतात. मध्यमवर्गाला ही दोन्ही मिळेपर्यंत विनोदाला दुसरी जागा शोधावी लागली.

चि. वि. जोशी यांचे 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ साली प्रसिद्ध झाले. चिमणराव कचेरीत जातात, काऊ घर सांभाळते, आई आहे, मुले आहेत आणि गुंड्याभाऊ आहेच. त्या संसारात माया आहे, चिडचिड आहे, फजिती तर पानोपानी आहे. पण ही दोघे एकमेकांच्या वाट्याला एकटी अशी कधी येतच नाहीत. त्याच काळात ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांनी तरुण वाचकांना वेड लावले, आणि त्यांचे बळ होते ओळख, ओढ आणि गैरसमज यांत. लग्नानंतर दूध कोणी तापवायचे, हा त्या कादंबऱ्यांचा प्रश्न नव्हता.

मुंबईने हा प्रश्न पुढे आणला, तोही आधी जागेचा म्हणून. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटात चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढ्यावर सगळी गंमत आणि सगळे दुःख उभे आहे. गदिमांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत यांनी त्यातले रुसवे आजही जिवंत ठेवले आहेत. बासू चॅटर्जी यांनी १९७२ मध्ये 'पिया का घर' या नावाने तो हिंदीत आणला. १९७६ची व. पु. काळे यांची 'पार्टनर' ही छोटी कादंबरी याच वाटेवरची. श्री आणि किरण यांचे प्रेम खरे आहे, अडतात ते घरातल्या माणसांपाशी. २०१५च्या 'डबल सीट'मध्येही चाळीतल्या नवरा-बायकोचे स्वप्न स्वतःच्या घराचेच आहे. म्हणजे पंचेचाळीस वर्षांनीही मुंबईत तो प्रश्न सुटला नव्हता.

जिथे जागेचा प्रश्न सुटला, तिथे वेळेचा सुरू झाला. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' (२०१२) या मालिकेतली राधा आणि घना आपापल्या नोकरीच्या नादात लग्नच टाळू पाहतात, आणि खोट्या लग्नाने एका छताखाली येऊन खरोखर प्रेमात पडतात. 'टाइम प्लीज' (२०१३) क्षितिज पटवर्धन यांच्या 'नवा गडी नवं राज्य' या नाटकावरून आला. त्यात ठरवून झालेल्या लग्नानंतर एकमेकांचे जुने आयुष्य समजून घेण्याची ओढाताण आहे. या सगळ्यांत वरुण नार्वेकर यांची 'आणि काय हवं' (२०१९) ही मालिका सर्वांत पुढची मानावी लागते. जुई आणि साकेत यांच्यामध्ये खलनायक नाही, संशय नाही, सासूही नाही. घरातल्या लहानसहान गोष्टी आहेत आणि त्या पुरेशा आहेत. तेवढ्यावर गोष्ट उभी करण्याचे धाडस मराठी कादंबरीने अजून मनापासून केलेले नाही.

विदर्भातले घर साहित्यात आले ते मुख्यतः वाड्याच्या रूपाने. महेश एलकुंचवार यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'त मुंबईहून सुधीर आणि अंजली धरणगावच्या वाड्यात येतात, तेव्हा त्यांचे दोघांचे असे जे काही आहे ते वाड्याच्या वाटण्या, मान आणि जुनी देणी यांत विरघळून जाते. ते नाटक थोर आहे. पण त्या वाड्यात प्रेमाच्या विनोदाला जागा नाही.

आजच्या यवतमाळात मात्र ती आहे, आणि ती मुंबईच्या फ्लॅटपेक्षा वेगळी आहे. जिल्हा सोळा तालुक्यांचा, साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा. यवतमाळहून पुसद सुमारे शंभर किलोमीटर, वणी त्याहून लांब. एक पुसदकडच्या शाळेत आणि दुसरे वणीच्या बँकेत, अशी लग्ने इथे नित्याची आहेत. कोणी अप-डाऊन करते, कोणी नोकरीच्या गावी खोली करून राहते, आणि संसार शनिवार-रविवारचा होतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी २७ फेब्रुवारी २०१७च्या शासन निर्णयाने बदल्यांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा स्वतंत्र संवर्ग ठेवला. दोघांच्या कामाच्या ठिकाणांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर त्यात प्राधान्य मागता येते. दोन माणसांनी एकत्र राहावे म्हणून अर्ज, अंतराचा दाखला आणि ऑनलाइन पसंतीक्रम लागावा, ही प्रेमकथेची सुरुवात म्हणून फारच सुंदर गोष्ट आहे, आणि ती रचावी लागत नाही.

आदेश निघाला की खरी कथा सुरू होते. दोन खोल्यांचे सामान एका घरात येते: दोन शेगड्या, दोन कूलर, चहात साखर किती याची दोन मते. एकटे राहून दोघांनाही एकटेपणाची शिस्त लागलेली असते. त्यात शहराचे पाणी. यवतमाळला निळोणा आणि चापडोह या धरणांतून पाणी येते; २०१८च्या उन्हाळ्यात ती आटली, तेव्हा नळाची वाट पाहणे हेच घरोघरचे मोठे काम झाले होते. दोघेही कामावर असतील तर नळ आल्यावर घरी कोण? पारा पंचेचाळिशीला टेकला असताना कूलरमध्ये पाणी कोणी भरायचे? या भांडणांत हसू आहे, आणि न सांगता कूलर भरून ठेवण्यात जे प्रेम आहे ते इथल्या वाचकाला चटकन कळेल.

अशा जोडप्याची कादंबरी लिहायची झाली, तर तिचा काळ एका शैक्षणिक वर्षाचा धरावा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा बिऱ्हाड लागावे. पोळ्याला सासरची माणसे यावीत, नवरात्रात सारे शहर रात्री रस्त्यावर असताना दोघांना पहिल्यांदा निवांत फिरता यावे. दिवाळीत कोणाच्या घरी जायचे, हा पेच मध्यावर. मार्चमध्ये तिकडे बँकेचे वर्ष संपते आणि इकडे परीक्षा लागतात. तो महिना सर्वांत अवघड, आणि कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा. मे महिन्यात बदल्यांचे अर्ज पुन्हा निघतात. या वेळी दोघांपैकी कोणालाही अर्ज भरायचा नसतो.

कळावे,
तुझी मावशी