मृगाच्या तोंडावर भविष्यकाळ

1 जून, मुरुम

बी-बियाणांच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग पुन्हा सुरू. आजपासून भविष्यकाळ. फळा पुसून होईपर्यंतच नर्सिंगला जायची तयारी करणारी पोरगी म्हणाली, "सोपं आहे की सर. विल लावायचं."

सगळ्यांचं हेच पाठ असतं. आपल्याकडं 'जाईन' म्हटलं की एका शब्दात भविष्यकाळ आला. इंग्रजी क्रियापदाला असं स्वतःचं भविष्यकाळी रूपच नाही. मग ती भाषा उसनवारी करते: कधी विल, कधी गोइंग टू, कधी चालू वर्तमानकाळ, तर कधी साधा वर्तमानकाळच. यातलं कुठलं घ्यायचं हे दोन गोष्टींवरून ठरतं: गोष्ट किती ठरलेली आहे, आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आत्ता काय आहे. तक्ता पाठ करून हे यायचं नाही, एवढं सांगून तक्ता पुसला.

2 जून

एकानं वडिलांच्या वेळचं रेन-मार्टिनचं इंग्रजी व्याकरण आणलं. पुठ्ठा सुटलेला, शॅल-विलच्या पानावर निळ्या शाईच्या रेघा. 'आय'ला, 'वी'ला शॅल आणि बाकी सगळ्यांना विल. वचन द्यायचं असेल किंवा हुकूम सोडायचा असेल तर सगळं उलटं. हा नियम 1653 साली जॉन वॉलिसनं मांडला. माणूस गणिती, इंग्रजीचं व्याकरण त्यानं लिहिलं ते लॅटिनमध्ये. अनंताचं चिन्ह गणितात आणणारा तो हाच. त्याच्या नियमापायी आपल्या किती पिढ्यांनी छड्या खाल्ल्या असतील!

आज बोलण्यात शॅल उरला तो मुख्यतः 'शॅल वी स्टार्ट?' असं विचारण्यापुरता. आणि कायद्यात. संविधानाच्या इंग्रजी मसुद्यात पानोपानी शॅल आहे, पण तिथं तो बंधन घालतो. उद्या काय होणार याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पोरांना म्हटलं, वडिलांचं पुस्तक जपून ठेवा, हे पान सोडून द्या.

5 जून

टमटम चालवणारा पोरगा वर्ग सुटताना म्हणाला, "सर, उद्या नाही येत. पुण्याला जायलाव."

तिकीट काढलेलं, मावसभावाला फोन केलेला, पिशवी भरलेली. म्हटलं, हेच इंग्रजीत सांग. तर म्हणतो, "आय विल गो टु पुणे." गाडी आपली विलच्या स्टँडवर! जायला निघालेल्या माणसाची सगळी तयारी त्याच्या 'जायलाव'मध्ये आहे आणि इंग्रजीलाही तिथं तेच लागतं: आय ॲम गोइंग टु पुणे टुमॉरो. 'विल' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, आत्ता उभ्या उभ्या मनात आलं. दुकानात खताचं पोतं खाली पडलं आणि कुणी चटकन म्हणालं, 'थांबा, मी उचलतो', तर तिथं विल शोभतो.

घरी कन्नड बोलणाऱ्या पोरांना हे लवकर कळलं. कर्नाटकाची हद्द काही लांब नाही. 'नाळे बर्तीनि' म्हणजे उद्या येतो, आणि रोज येतो म्हणतानाही 'बर्तीनि'च. वर्तमानाचं रूप उद्यासाठी वापरायला त्यांची जीभ अडत नाही.

स्टँडवरचं वेळापत्रक, शाळा उघडायची तारीख, परीक्षेची वेळ: या सगळ्याला साधा वर्तमानकाळ. 'द बस लीव्ज ॲट सिक्स.' व्याकरण फलकावर विश्वास ठेवतं.

8 जून

आज मिरग. खालच्या दुकानात एक शेतकरी काका सोलापूरचं दाते पंचांग घेऊन बसलेले. त्यांच्या हातचं पान वर नेऊन वर्गात फिरवलं. सूर्य अमुक दिवशी मृगात शिरणार हे गणितानं पक्कं, म्हणून तिथं वेळापत्रकाचाच काळ: 'द सन एंटर्स'. त्याखाली नक्षत्राचं वाहन आणि पावसाचं भाकीत. तिथं मात्र 'विल', फार तर 'मे'. एकाच पानावर इंग्रजीचे दोन कारभार.

वाचन चालू असतानाच खिडकी आपटली. पोरं गच्चीवर. दक्षिणेकडून काळंभोर भरून आलेलं, मातीचा वास. "इट विल रेन," एक म्हणाला. नर्सिंगवाल्या पोरीनं त्याला तिथंच धरलं: "ढग दिसायलेत की. इट इज गोइंग टु रेन." मला बोलावंच लागलं नाही. पाऊस चार थेंब शिंपून उमरग्याकडं गेला, तरी वाक्य बरोबरच होतं. गोइंग टूला समोरचा पुरावा पुरतो, पुढं काय घडलं याची जबाबदारी त्याच्यावर नाही.

11 जून

हवामान खात्याचं इंग्रजी पत्रक वाचायला दिलं. त्यात भविष्यकाळाचा खरा मालक 'लाइकली'. खात्याच्या परिभाषेत 'लाइकली' म्हणजे 25 ते 50 टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे 50 ते 75, त्याच्या वर 'मोस्ट लाइकली'. वर्तमानपत्रात येईपर्यंत या तिन्हींचं 'पाऊस पडणार' होतं. खात्यावर रागावणाऱ्यांनी आधी हे कोष्टक वाचावं.

14 जून

काका आज स्वतःच वर्गात येऊन बसले. "मास्तर, माझं एक वाक्य करून द्या. पाऊस पडेल तेव्हा सोयाबीन पेरीन."

पोरांनी एका सुरात केलं: व्हेन इट विल रेन, आय विल सो सोयाबीन. आपल्या भागातली ही सगळ्यात चिवट चूक, कॉलेजच्या पेपरातही दिसते. 'व्हेन', 'इफ', 'अंटिल', 'ॲज सून ॲज' यांच्या पोटातल्या वाक्याला इंग्रजी भविष्याचा विल लावत नाही. नियम सांगून कुणाचाच चेहरा हलला नाही. मग काकांना विचारलं, हेच घरी कसं बोलता?

"घरी? पाऊस पडला की पेरतो."

फळ्यावर तेच लिहिलं. पाऊस पडायचा आहे तरी 'पडला', पेरणी व्हायची आहे तरी 'पेरतो'. अख्ख्या वाक्यात भविष्यकाळ औषधालाही नाही आणि कुणाचा घोटाळा होत नाही. 'पडेल तेव्हा' हे लिहायचं मराठी. 'पडला की' धरून इंग्रजीत गेलं तर 'व्हेन इट रेन्स' आपसूक येतं. पोरांनी धडाधड वाक्यं पाडली: पगार झाला की, निकाल लागला की, आई आली की.

काकांनी मग खालच्या दुकानातला सल्ला पुढं केला: 75 ते 100 मिलिमीटर होईस्तोवर चाड्यावर मूठ धरायची नाही. त्याचं 'अंटिल'चं वाक्य नर्सिंगवाल्या पोरीनं एका दमात केलं. काकांनी ते देवनागरीत वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "आणि तोवर सगळा पाऊस होऊन गेलेला असेल, असं म्हणायचं असलं तर?"

त्याला 'विल हॅव' लागतं. सोमवारी घेऊ.