वाजवायचीय की भिंतीवर लावायचीय?

मोबाइल दोन वर्षांत बदलायचा, लॅपटॉप चार वर्षांत. रिपेअरचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की सरळ टाकून द्यायचं. आपल्या पिढीचा हा साधा हिशोब. अंबाजोगाईच्या माझ्या काकांच्या गिटारला तो लावला असता, तर ती केव्हाच भंगारात गेली असती!

१९७३ मध्ये ‘यादों की बारात’ आला आणि झीनत अमानच्या हातातली गिटार बघून देशभरातली जी पोरं बिघडली, त्यात आमचे काकाही होते. बँकेत लागल्यावर पैसे साठवून त्यांनी कोलकात्यात बनलेली गिटार घेतली. मग लग्न, बदल्या, आजोबांचं आजारपण... गिटार कपाटावर गेली, ती तिथेच राहिली. गेल्या वर्षी जुनं घर विकायचं ठरलं, तेव्हा ती खाली आली.

अवस्था बघण्यासारखी होती. वरच्या फळीला वीतभर चीर. ब्रिज, म्हणजे तारा अडकवतात ती पट्टी, एका बाजूने उचललेली. फ्रेट्सची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचत होती. त्यात कधीकाळी कुणीतरी ब्रिजला चक्क दोन स्क्रू ठोकलेले.

हा सगळा आमच्या हवेचा प्रताप. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. बीड जिल्ह्यात एप्रिल-मेच्या दुपारी ती २० टक्क्यांच्याही खाली जाते. सुकताना लाकूड आडवं आकसतं, उभं फारसं नाही. म्हणून चीर पडते ती लाकडाच्या रेषांच्या बाजूने. शिवाय स्टीलच्या सहा तारांचा मिळून साधारण ७० किलोचा ताण. काकांनी तारा कधी सैल केल्याच नव्हत्या. ब्रिज उचलणार नाही तर काय!

पुण्यातल्या एका दुकानात ‘नवी घ्या, स्वस्त पडेल’ असा सल्ला मिळाला. मग एका गाणाऱ्या मैत्रिणीने मिरजेचं नाव सुचवलं. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात या कामात शिरले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही तेच करतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. आमच्या भागाचं मिरजेशी नातं मात्र पाण्याचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये धनेगावचं मांजरा धरण आटलं, तेव्हा शेजारच्या लातूरला पाण्याची रेल्वे आली ती मिरजेहूनच. आता आम्ही कोरडी ठणठणीत गिटार घेऊन निघालो मिरजेला.

सतारमेकर गल्लीतल्या चाचांनी गिटार उलटी-सुलटी केली, फळीवर टिचकी मारली आणि एकच प्रश्न विचारला.

“वाजवायचीय की भिंतीवर लावायचीय?”

मला वाटलं, काय फरक पडतो? चाचा म्हणाले, “ताई, भिंतीवर लावायची तर घासून, पॉलिश मारून नवी करून देतो. वाजवायची तर जुनीच दिसेल, पण बोलेल. पॉलिशचा जाड थर बसला की फळी मोकळी हलत नाही.”

मी काकांकडे बघितलं. सत्तरीचा माणूस, बोटांत संधिवात. “आता बोटं चालत नाहीत हो,” ते हळूच म्हणाले. चाचांनी त्यांचा हात बघितला. “हलक्या तारा लावू. गळ्याच्या जवळ बसवू. कमी दाबावं लागेल.”

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “वाजवायचीय.”

पहिले पंधरा दिवस कामच नाही! ओला स्पंज भोकाच्या डबीत ठेवून ती गिटारच्या पोटात सोडली. लाकूड हळूहळू ओलावा प्यायलं आणि वीतभर चीर केसाएवढी झाली. मग तिच्यात सरस भरला आणि आतून लाकडाच्या छोट्या चकत्या आडव्या चिकटवल्या. स्क्रू काढले. ब्रिज गरम करून पातळ सुरीने सोडवला, जुना गोंद खरवडला, पुन्हा सरस लावून शिकंज्यात आवळला. सरसच का? कारण तो ऊब आणि ओलाव्याने सुटतो. चाचांच्या शब्दांत सांगायचं तर “पुढच्या कारागिराला शिव्या घालायला लागू नयेत म्हणून.” शेवटी फ्रेट्सची टोकं घासली. तंबोऱ्यात तार घोडीला हलकेच घासून झंकारावी म्हणून जवारी काढतात; गिटारमध्ये तोच झंकार म्हणजे दोष. चाचा दोन्हीकडचे कान ठेवून आहेत.

बिल साध्या नव्या गिटारपेक्षा जास्त झालं. मी पाकीट काढलं, तर काका म्हणाले, “ठेव पोरी. माझी आहे.” फळीवरचे ओरखडे अजून तसेच आहेत.

तुमच्याही माळ्यावर असं एखादं वाद्य असेल, तर तारा आज सैल करा. उन्हात, कूलरसमोर किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. चिरेत फेव्हिक्विक तर अजिबात नको. आणि रिपेअरला देण्याआधी चाचांचा प्रश्न घरात विचारा. उत्तर बजेट ठरवतंच, पण कोण अजून वाजवू इच्छितं, तेही कळतं.

आमच्या काकांना जी मेजर जमतो, एफ अजून जमत नाही. परवा फोन आला, “पुण्याहून तारांचा एक सेट पाठव. हलका. पहिली तुटली.”